गावाकडे पैसे पाठवताना स्वतःलाही सांभाळायचं कसं

पगार सात तारखेला झाला, आठला गावाकडे गेला आणि वीस तारखेला मेसवाल्याकडे उधारी सुरू झाली. चाकण, रांजणगाव, वाळूज, नवी मुंबई, कुठंही जा, हे चक्र दिसतं. ठेकेदारामार्फत कंपनीत लागलेला परभणीचा मुलगा असो, सोसायटीच्या गेटवर बारा तासांची ड्युटी करणारा वाशिमचा वॉचमन असो, की लेकरू आईजवळ ठेवून पुण्यात धुणीभांडी करणारी बाई असो, घरी पैसे पाठवायचे म्हणूनच ही माणसं शहरात आलेली असतात. पैसे पाठवले की जिवाला बरं वाटतं, घरात शब्दाला वजन येतं, धाकट्या बहिणीचं कॉलेज चालू राहतं. पण महिना सहा हजार पाठवून एक जण शांत झोपतो आणि तेवढेच पाठवून दुसरा खचत जातो, हेही खरं आहे. हा फरक पैसे पाठवण्याच्या पद्धतीमुळे पडतो. कोणती पद्धत माणसाला टिकवते, ते इथं आकड्यांसह देत आहोत.

आधी स्वतःचा महिना लिहून काढा

बहुतेक जण उलट करतात. घरून जेवढे मागितले तेवढे आधी पाठवतात आणि उरलेल्यात महिना काढतात. उरलेल्यात महिना निघत नाही. मग जी गोष्ट लगेच दिसत नाही तिला कात्री लागते, म्हणजे सकाळचा नाश्ता, डोळ्यांचा चष्मा, दुखणारी दाढ. सहा महिन्यांनी ही बचत दुप्पट खर्चानं वसूल होते.

एका वहीत खालीलप्रमाणे मांडा. समजा हातात येणारा पगार १६,००० आहे आणि राहणं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन आहे. लाइट-पाण्यासह कॉटचे १,८००. दोन वेळच्या मेसचे ३,०००. नाश्ता, चहा आणि रविवार संध्याकाळचं जेवण मिळून १,३००. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात आणि महिन्यातली ती चार-पाच जेवणं कुणाच्याच हिशेबात नसतात. कामावर जायला-यायला ६००. मोबाइलला ३५०. इथंही एक चूक हमखास होते. रिचार्ज २८ दिवसांचा असतो, त्यामुळे वर्षात तो १२ वेळा नाही तर १३ वेळा करावा लागतो. साबण, दाढी-कटिंग, कपडे, गोळी-औषध ८००. गावी जाण्या-येण्यासाठी दर महिन्याला बाजूला ५००, म्हणजे दिवाळीच्या गर्दीत एसटीऐवजी खासगी गाडीचे चढे दर द्यायची वेळ आली तरी उसने घ्यावे लागत नाहीत. आणि स्वतःची शिल्लक १,०००.

बेरीज ९,३५० होते. पगारातून वजा केली की ६,६५० उरतात. घरी कबूल करायचे ६,०००. राहिलेल्या ६५० रुपयांचं काय करायचं, ते पेरणीच्या डब्याबद्दल, म्हणजे पेरणीसारख्या मोठ्या खर्चासाठी बाजूला ठेवायच्या पैशांबद्दल, लिहिताना सांगितलं आहे.

ओव्हरटाइम या हिशेबात धरू नका. कंपनीची ऑर्डर घटली की सगळ्यात आधी ओव्हरटाइम बंद होतो, आणि ओव्हरटाइमच्या जोरावर कबूल केलेली रक्कम मग अंगावर येते. ती भरून काढायला माणूस दुसरीकडे रात्रपाळी धरतो. सलग सोळा तास उभं राहून मशीनवर हात गेलेली माणसं औद्योगिक पट्ट्यात प्रत्येकाला माहीत असतात. ओव्हरटाइमचा पैसा आला तर तो घरी 'जादा' म्हणून सांगून पाठवा किंवा डब्यात टाका. महिन्याच्या ठरलेल्या रकमेत तो मिसळू देऊ नका.

आता हजेरीचं गणित. ठेकेदाराकडचा पगार बहुतेक वेळा हजेरीवर असतो. १६,००० भागिले २६ ड्युट्या म्हणजे दिवसाला साधारण ६१५. तापानं चार दिवस खाडा पडला तर २,४६० रुपये कापले जातात. हातात १३,५४० येतात. स्वतःचा खर्च गेला की ४,१९० उरतात आणि घरी सांगितलेले असतात ६,०००. तूट १,८१० ची. आधीच्या दोन महिन्यांची हजार-हजारची शिल्लक असेल तर ती तूट कुणाला न कळता भरून निघते. नसेल तर मुकादमाकडून उसने, नाहीतर मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपमधून. म्हणून ती हजाराची ओळ चैन समजून खोडू नका. घरी पैसे वेळेवर पोचतात ते तिच्यामुळेच.

शिल्लक पगाराच्या खात्यात ठेवली की ती उरत नाही. दुसरं बचत खातं काढा, त्याला यूपीआय जोडू नका आणि कार्ड पेटीत ठेवा. किंवा पोस्टात आवर्ती ठेव सुरू करा, ती महिना १०० रुपयांपासून निघते. पहिलं लक्ष्य १०,००० चं ठेवा, म्हणजे स्वतःचा एक महिन्याचा खर्च आणि गावी जाण्याचं भाडं.

आणखी एक मोठी बचत अनेकांच्या हातून सुटते. घरचं रेशनकार्ड अन्नसुरक्षेत असेल तर 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे आपल्या वाट्याचं धान्य शहरातल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून घेता येतं. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, तेही मोफत. घरचे त्यांच्या वाट्याचं गावात उचलू शकतात. त्यासाठी नाव कमी करून नवं कार्ड काढायची गरज नाही. मात्र आपल्या वाट्याचं आपण उचलणार हे घरी आधी सांगा, नाहीतर गावातल्या दुकानात माल कमी मिळाला की घरचे दुकानदाराशी भांडत बसतात. चार जण मिळून स्वयंपाक करत असाल तर या धान्यानं मेसचा खर्च चांगलाच खाली येतो.

रक्कम सांगायची कशी

आपला पगार किती, खोली कशी, किती जण एका खोलीत, हे घरी खरं सांगा. शहरात आलेला माणूस काळजी नको म्हणून सगळं छान असल्याचं सांगतो, सणाला नवा शर्ट घालून जातो, पेढ्यांचा मोठा बॉक्स नेतो. त्यावरून घरच्यांचा अंदाज बांधला जातो आणि मागणी त्या अंदाजाप्रमाणे येते. त्यात घरच्यांचा दोष नसतो. पगाराची पावती आणि वहीतलं पान एकदा सणाच्या सुट्टीत आई-वडिलांसमोर ठेवा. फोनवर हे नीट होत नाही, समोर बसूनच करा. आणि गावातल्या चारचौघांसमोर नको.

बोलताना आकडा आणि तारीख दोन्ही सांगा. "आई, दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत सहा हजार येतील. पगार सातला होतो, कधी दोन दिवस पुढं-मागं होतो. त्याच्यावर लागलं तर मला महिनाभर आधी सांग, बघून सांगतो." एवढं पुरे.

मधेच मागणी आली की "बघतो, जमवतो" हे उत्तर सगळ्यात वाईट. आपल्याला वाटतं आपण टाळलं, घरच्यांना वाटतं होकार दिला. तिकडे दुकानदाराला शब्द जातो आणि इकडे आपली झोप उडते. त्याऐवजी सरळ सांगा: "या महिन्यात होणार नाही. पुढच्या महिन्यात दोन हजार जादा पाठवतो." किंवा "एवढे माझ्याकडून होणार नाहीत." पहिल्या वेळी आवाज चढतो, तिसऱ्या वेळेपर्यंत घरच्यांना आपल्या शब्दाचा भरवसा येतो.

पैशाचं बोलणं आणि घरचं बोलणं वेगळं ठेवा, हा आमच्या मते या सगळ्यातला सर्वात मोलाचा भाग. पैसे गेल्यानंतरचा रविवार हिशेबाचा ठरवा. बाकीच्या फोनवर पाऊस, गाय, पोरांचा अभ्यास, कुणाचं लग्न ठरलं, एवढंच. हे केलं नाही की काही महिन्यांत फोन वाजला की छातीत धस्स होतं, मग माणूस फोन उचलणं टाळतो, घरचे म्हणतात पोरगं बदललं, आणि पैसे वेळेवर जात असूनही नातं आटतं.

कुणाच्या खात्यावर पाठवायचे, हाही नाजूक प्रश्न. बायको गावी सासू-सासऱ्यांजवळ असेल तर घरखर्च आई किंवा वडिलांच्या खात्यावर आणि थोडी रक्कम, समजा १,०००, बायकोच्या स्वतःच्या खात्यावर पाठवा. हे लपवून करू नका, घरात सांगून करा. लपवलेलं कळतं आणि मग त्या हजारापायी तिला रोज ऐकून घ्यावं लागतं. शहरात काम करणाऱ्या बाईनं लेकरू आई-बहिणीकडे ठेवलं असेल तर लेकराचा खर्च थेट जी सांभाळते तिच्या खात्यावर जावा, मधल्या माणसाच्या नको.

ज्याची पावती शहरातूनच निघते ते स्वतः भरा. महावितरणचं बिल १२ अंकी ग्राहक क्रमांकावर फोनवरून भरता येतं. कॉलेजची फी, गॅसची टाकी, बचत गटाचा किंवा फायनान्सचा हप्ताही जिथं ऑनलाइन भरता येतो तिथं तसाच भरा. पैसे पोचले पण हप्ता थकला, अशी वेळ त्यानं टळते.

पैसा पोचवण्याच्या वाटा

स्मार्टफोन आणि खातं असेल तर यूपीआय. फुकट आहे, लगेच पोचतं. नवीन माणसाला पहिल्यांदा पाठवताना १ रुपया पाठवा, समोर दिसणारं नाव वाचा, फोन करून रुपया आला का विचारा, मग मोठी रक्कम. मोबाइल नंबरवर पाठवत असाल तर जास्त जपा. गावाकडे सिम बंद पडतात आणि काही महिन्यांनी तोच नंबर कंपनी दुसऱ्याला देते. फोन किंवा सिम पगाराच्या आठवड्यात बदलू नका, कारण ॲप नव्यानं सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० पर्यंतच रक्कम जाते.

'प्रक्रियेत आहे' असं दिसलं की घाईनं दुसऱ्यांदा पाठवू नका. कधीकधी दोन्ही रकमा पोचतात आणि आपला महिना कोलमडतो. १२ अंकी व्यवहार क्रमांक लिहून घ्या. खात्यातून गेले आणि समोर पोचले नाहीत तर पुढच्या दिवसापर्यंत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. एटीएममधून पैसे न येता खात्यातून कापले गेले तर ही मुदत ५ दिवसांची. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर १४४४८ वर विचारून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

साधा फोन असेल तर *९९# डायल करून एका वेळी ५,००० पर्यंत पाठवता येतात. नेटची गरज नाही, खात्याला तोच नंबर जोडलेला हवा.

खातंच नसलेले लोक दुकानातून रोख भरून पाठवतात. तिथं एका व्यवहाराला ५,००० आणि महिन्याला २५,००० ची मर्यादा आहे. नोव्हेंबर २०२४ पासून पाठवणाऱ्याची ओळखपत्रासह नोंदणी आणि प्रत्येक व्यवहाराला ओटीपी लागतो. दुकानदार साधारण हजारामागे दहा रुपये घेतात. सहा हजाराचे दोन व्यवहार, ६० रुपये, वर्षाला ७२०. या पैशात दोन विमे होतात, ते पुढं सांगितलं आहे. म्हणून जनधन किंवा साधं शून्य शिलकीचं खातं काढा. शहरातला पत्त्याचा पुरावा नसला तरी आधारवरच्या गावच्या पत्त्यावर खातं निघतं, शहरातला पत्ता आपण स्वतः लिहून द्यायचा. ठेकेदार सांगेल त्याच बँकेत खातं काढलं असेल तर पासबुक आणि कार्ड आपल्याच ताब्यात आहे ना, हे आजच बघा.

खरी अडचण पुढच्या टोकाला असते. पैसे आईच्या खात्यात पोचले, पण बँक तालुक्याला, एसटी दिवसातून दोनदा आणि बाजारच्या दिवशी बँकेत रांग. गावातच अंगठ्यावर पैसे देणारं केंद्र सोयीचं पडतं, तिथं एका वेळी १०,००० पर्यंत निघतात. पण शेतात राबलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही. हात धुऊन कोरडे करायचे, दुसरी बोटं लावून बघायची, आणि तरी जमत नसेल तर आधार केंद्रात ठसे नव्यानं घ्यायचे. केंद्रवाला "आधीचा अंगठा लागला नाही, परत लावा" म्हणाला तर आधी पावती मागायची. न झालेल्या व्यवहाराचीही पावती निघते. एकाच दिवशी दोनदा अंगठा आणि एकदाच रोकड, अशी फसवणूक याच ठिकाणी होते. आईला हे फोनवर समजावून भागत नाही. एकदा सुट्टीत सोबत जा, केंद्रवाल्याशी ओळख करून घ्या, आईला पावतीवरची रक्कम कुठं असते ते दाखवा. पोस्टमन घरी येऊनही आधारवर पैसे देतो, चालताना त्रास होणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी हा मार्ग चांगला.

शासनाच्या योजनेचे पैसे ज्या खात्याला आधार जोडलं आहे तिथंच जातात. आई किंवा बायकोची दोन खाती असतील तर तुम्ही एका खात्यात पाठवता आणि योजनेचा हप्ता दुसऱ्यात पडून राहतो, असं वरचेवर होतं. पासबुकं घेऊन बसा आणि कुठल्या खात्यात काय येतं ते त्यांच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. "पैसे आलेत, पिन टाका" म्हणणारा चोर असतो, हे घरात प्रत्येकाला पाठ असू द्या. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० वर फोन करा, नंतर बँकेत जा.

पोच

मुंबईच्या गिरणीत राबणारा कोकणी माणूस मनीऑर्डर करायचा. टपाल खात्यानं ही सेवा १८८० मध्ये सुरू केली आणि रत्नागिरीकडची कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर चालली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला तेव्हा त्याची झळ परळ-लालबागइतकीच त्या गावांना लागली. त्या मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळींची जागा असायची. "पैसे पोचले की बाळूला वह्या घेणे, तब्येतीस जपणे." पोस्टमन पैसे देताना त्या ओळी वाचून दाखवायचा. आणि काही दिवसांनी खोलीवर पोच यायची, आईच्या सहीची किंवा अंगठ्याची. तो निळा अंगठा बघून माणसाला आपण घरात आहोत असं वाटायचं.

आजची यंत्रणा दोन सेकंदांत पैसे पोचवते, पण हिरवी खूण बँकेची पोच असते, घरची नव्हे. पाठवणाऱ्याच्या मनाला जे पोषण मिळतं ते घरच्या पोचेतून. म्हणून ती मागा, संकोच करू नका. पैसे गेले की आईनं किंवा भावानं एक ओळीचा आवाजातला निरोप पाठवावा: मिळाले, अमुकासाठी वापरले. पैसे पाठवतानाही संदेशाच्या जागेत 'खत' किंवा 'गौरीची फी' असं लिहा. वर्षभरानं पासबुक उघडलं की आपण काय केलं हे दिसतं.

सगळे पैसे पीठ-मीठ-तेलात गेले की डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि दोन-तीन वर्षांनी "मी काय कमावलं?" हा प्रश्न छळतो. वर्षातून एक गोष्ट दिसेल अशी करा. न्हाणीघराला दरवाजा, गळक्या खोलीवर सहा पत्रे, शेळी, शिलाई मशीन. तिचा फोटो मागवून घ्या आणि कॉटच्या वर लावा.

आता उलट बाजू. आईच्या खात्याला तुमचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तिनं काढलेल्या प्रत्येक पैशाचा मेसेज तुमच्याकडे येतो. लाइनवर काम करताना खिशात फोन थरथरतो, २,००० वजा. चार दिवसांपूर्वीच तर ३,००० काढले होते! संध्याकाळपर्यंत डोक्यात ते दोन हजारच फिरतात, आणि रात्री फोनवर पहिलं वाक्य निघतं, "काल कशाला काढले?" आईला वाटतं पोरगं हिशेब मागतंय. खरं तर तिनं औषधाचे दिले असतात. नंबर आईचाच जोडा आणि तिच्या सिमचा रिचार्ज तुम्ही शहरातून करत राहा. ते शक्य नसेल तर आपल्याशी ठरवा की घरखर्चाच्या रकमेबद्दल विचारायचं नाही, हिशेबाच्या रविवारी ती सांगेल तेवढं ऐकायचं. शंका घेण्याजोगं एकच: न सांगता खातं रिकामं झालं तर.

पेरणीचा डबा

गावचा खर्च दर महिन्याला सारखा येत नाही. जूनमध्ये बियाणं, खत आणि शाळेचे कपडे-वह्या एकदम येतात. मग पोळा, दिवाळी. उन्हाळ्यात लग्नं, गावची जत्रा. गावच्या शेती सोसायटीचं खरिपाचं पीककर्ज मार्चअखेरपर्यंत भरावं लागतं, आणि ते मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. एक महिना उशीर झाला की सवलत जाते. हे दोन महिने, मार्च आणि जून, शहरातल्या माणसाचा कणा मोडतात, कारण मागणी एकदम पंधरा-वीस हजारांची असते.

वर उरलेले ६५० रुपये यासाठीच आहेत. ऑक्टोबर ते मे आठ महिन्यांचे ५,२०० होतात. त्यात दिवाळीचा बोनस घाला. बोनस लागू असेल तिथं वर्षाच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या, कायद्यानं ठरलेल्या मर्यादेपर्यंत, किमान ८.३३ टक्के मिळायला हवा. बोनस हातात आल्या आल्या निम्मा डब्यात टाका, मग फराळाचं बघा. पीककर्ज कुणी भरायचं आणि पेरणी कुणी उचलायची हे भावाभावांत दिवाळीलाच ठरवा. जूनमध्ये ठरवायला गेलं की जो शहरात आहे त्याच्यावरच येतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं गणित उलटं असतं. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची जोडपी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधी घेतात, ती घरात, लग्नात, जुन्या देण्यात जाते आणि मग पाच-सहा महिने कोयत्यावर ती फेडायची. इथं घरी पाठवण्याचा पैसा आधीच संपलेला असतो, म्हणून फडावर हातात काहीच नसतं आणि आजारी पडलं तरी खाडा करवत नाही. उचल ठरवताना हंगामात स्वतःला लागणारे बाजारहाटाचे पैसे वेगळे ठेवा, उचल आणि टनामागचा दर दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्या आणि रोज किती टन गेला ते काट्याच्या पावतीसह स्वतःच्या वहीत मांडा. हिशेब मुकादमाच्या एकट्याच्या वहीत राहिला की हंगाम संपताना उचल फिटत नाही.

अंग आणि मन

पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे कापत असतील (२१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांचे कापतात, कामगाराचा वाटा ०.७५ टक्के) तर दवाखाना तुमचा हक्क आहे. कुटुंब गावी राहतं हे नोंदणीत लिहून घ्या, म्हणजे त्यांची नोंद तिकडच्या जवळच्या दवाखान्याला होते. आजारपणाचा दाखला घेतला तर खाड्याच्या दिवसांचे काही पैसेही मिळतात. बांधकामावर असाल आणि वर्षात ९० दिवस काम झालं असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा, मुलांच्या शिष्यवृत्तीचा पैसा थेट मिळतो.

सरकारी योजनेतले दोन विमे आजच बँकेत सांगून सुरू करा. अपघाताचा २० रुपये, जीवनाचा ४३६ रुपये वर्षाला, प्रत्येकी २ लाखांचा. जीवनाचा १८ ते ५० वयात घेता येतो. हप्ता मेअखेर आपोआप कापला जातो, तेव्हा खात्यात ५०० रुपये ठेवा. सगळे पैसे गावी पाठवून खातं कोरडं केल्यामुळे विमा बंद पडलेली माणसं खूप आहेत, आणि घरच्यांना ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मन कुठं चाललं आहे ते काही खुणांवरून कळतं. घरचा फोन बघून उलटा ठेवावासा वाटतो. पगाराचा आकडा घरी वाढवून किंवा कमी करून सांगावा लागतो. तंबाखू-दारूचा खर्च वाढतो. सणाला जायचं टाळलं जातं, कारण रिकाम्या हातानं कसं जायचं. पाठवायला पैसे हवेत म्हणून कर्ज काढलं जातं. ही शेवटची खूण दिसली की तिथंच थांबा. घरी पाठवण्यासाठी कर्ज काढायचं नाही, आणि फोनमधली नावं-फोटो मागणाऱ्या ॲपकडून तर कधीच नाही, ते नंतर गावातल्या प्रत्येकाला फोन करून बदनामी करतात.

दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. खोलीतला जोडीदार असा गप्प झाला असेल तर नंबर त्याला देऊन थांबू नका, त्याच्या शेजारी बसून लावून द्या.

काम सुटलं तर

दोन दिवसांच्या आत घरी सांगा. महिनाभर लपवून उसनवारीनं पैसे पाठवणं सगळ्यात महाग पडतं. घरी विचारा की कोणता खर्च थांबवताच येणार नाही. बहुतेक घरांत तीनच निघतात: औषध, फी, हप्ता. शिलकीतल्या १०,००० मधून आधी स्वतःची मेस आणि कॉट एक महिन्यासाठी भरून टाका, मग या तीनसाठी जे देता येईल ते. पेरणीचा डबा गरज पडली तर फोडा. मेस बंद करू नका, कारण नव्या ठिकाणी उभं राहायचं तर अंगात ताकद लागते. ठेकेदाराकडून शेवटच्या हजेरीचे पैसे, पीएफचा यूएएन क्रमांक आणि ईएसआय क्रमांक घेतल्याशिवाय गेटपास परत देऊ नका. नवीन ठिकाणी तोच यूएएन सांगा.

आणि हे सगळे क्रमांक, म्हणजे यूएएन, ईएसआय, दोन्ही विम्यांची बँक, दुसऱ्या बचत खात्याचा आकडा, कुणाचे किती देणे आहे आणि कुणाकडून किती येणे आहे, एका कागदावर लिहून त्याची एक प्रत गावी आईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. वारसाचं नाव प्रत्येक खात्यावर लागलं आहे ना, तेही त्याच दिवशी बघून घ्या. लग्न झाल्यावर ते बदलायचं बहुतेकांच्या हातून राहून जातं.